शिष्यवृत्ती मिळाली, पण राहायचे कुठे?

आठवड्याचे वार सात आणि जेवायची घरेही सात. एकोणिसाव्या शतकात पुण्याला, साताऱ्याला शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाची सोय अशी लागे. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर माधुकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप. निजायला कुणाच्या वाड्याची पडवी किंवा देवळाची ओवरी. या व्यवस्थेत अपमान पुष्कळ असत, वाढणारीच्या कपाळावरची आठी मोजत घास गिळावा लागे. मराठी आत्मचरित्रांत त्याची वर्णने भरपूर सापडतात. पण नीट पाहिले तर ती शिष्यवृत्तीच होती. तिला फंड लागत नव्हता, समिती लागत नव्हती, अर्ज लागत नव्हता. मुलाचे आडनाव पुरे होते.

कुणब्याच्या मुलाला ही सोय नव्हती. महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला तर ओवरीची पायरीसुद्धा बंद. म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर काही संस्थानिक आणि सुधारक या मुलांसाठी हात सैल करू लागले, तेव्हा त्यांना लवकरच कळून चुकले की फी भरणे हा भाग सोपा आहे. फी महिन्यातून एकदा भरायची असते. भूक रोज लागते, आणि रात्रही रोज होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हे कळले ते एका मुलाच्या निमित्ताने. पांडुरंग चिमाजी पाटील हा शेतकऱ्याचा मुलगा मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात आला आणि शहरात त्याची राहण्याजेवण्याची सोय होईना. हे महाराजांच्या कानावर गेले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यानंतर एकेका जातीचे वसतिगृह उभे राहत गेले: जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, पांचाळ, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे ही कल्पना आज वाचताना खटकते. त्या काळीही काहींना खटकली. पण सर्वांसाठी म्हणून आधी काढलेले वसतिगृह एकाच जातीच्या मुलांनी भरून गेलेले महाराजांनी पाहिले होते, आणि आपल्या जातीच्या मुलासाठी लोक खिशात हात घालतात हेही त्यांना ठाऊक होते. आदर्शापेक्षा त्यांनी हिशेब धरला. तो पाटलांचा पांडुरंग पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य झाला.

बडोद्याची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे जरा रेंगाळून पाहायला हवे.

सयाजीराव गायकवाड हे जन्माने कवळाण्याचे, नाशिककडच्या एका खेड्यातले. १८७५ मध्ये दत्तक घेऊन त्यांना गादीवर बसवले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहितावाचता येत नव्हते. पुढे हाच माणूस आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणतो: १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. अंत्यजांसाठी त्यांनी त्याही आधी शाळा काढल्या होत्या आणि तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमले होते. होतकरू मुलांना पैसे देण्याची त्यांची रीत जुनी. विठ्ठल रामजी शिंदे पुण्यात कॉलेजात शिकत होते तेव्हा त्यांनाही बडोद्याची मदत होती, आणि शिंद्यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले.

मुंबईत १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक महार मुलगा मॅट्रिक झाला. त्याला इथवर आणले होते वडिलांनी, सुभेदार रामजींनी. पुस्तक हवे म्हटल्यावर लग्न झालेल्या मुलींच्या अंगावरचा दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवायचा, अशी त्यांची शिष्यवृत्ती होती. मुलाच्या कौतुकाची सभा भरली, अध्यक्ष सीताराम केशव बोले. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीपासून हेरला होता. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकर त्याला घेऊन सयाजीरावांना भेटले. महाराजांनी दोनचार प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपये चालू केले.

या साखळीत सगळ्यांचे लक्ष महाराजांवर जाते, ते साहजिक आहे. मला मात्र केळुसकर मोठे वाटतात. ते गडगंज नव्हते. त्यांच्याकडे देण्याजोगे एक पुस्तक होते आणि एक ओळख होती. बागेतल्या मुलापासून राजवाड्याच्या दारापर्यंतचे अंतर त्यांनी चालून दाखवले. असा मधला माणूस नसेल तर तिजोरी उघडी असून उपयोग नसतो, कारण मुलाला तिजोरी कुठे आहे ते ठाऊक नसते आणि तिजोरीवाल्याला मुलगा.

भीमराव आंबेडकर बी. ए. झाले, जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. तिथे राहायला जागा मिळेना, तेव्हा आर्य समाजाच्या आश्रयाने राहिले. वडील आजारी असल्याची तार आली म्हणून ते मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच सुमारास संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी करारनाम्यावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची चाकरी करायची. बदल्यात दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे.

करार चोख होता. राज्याला शिकलेली माणसे हवी होती, पैसा प्रजेच्या करातून जात होता, तेव्हा परतफेड मागण्यात गैर काही नाही. त्यात घरखर्च मात्र धरलेला नव्हता. मागे पत्नी रमाबाई, घरातली बाकीची माणसे, आणि कर्ता पुरुष न्यूयॉर्कला. साडेअकरा पौंडांतून पोट मारून जे उरे ते आंबेडकर घरी धाडत. शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्याला मिळते. तिची किंमत सगळे घर मोजत असते. रमाबाईंनी ती किंमत किती मोजली त्याचा आकडा कुठल्याच दप्तरात नाही.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पहिल्या काही दिवसांनंतर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहायला गेले. शेजाराला नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी. दोघे एकत्र जेवत, एकत्र राहत. मैत्री जन्मभर टिकली. १९१५ मध्ये एम. ए., मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध, जून १९१६ मध्ये डॉक्टरेटसाठीचा प्रबंध सादर. तिथून लंडन. अर्थशास्त्राच्या शाळेत नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले, आणि इथे मुदत संपली. दिवाण मनुभाई मेहता यांचे बोलावणे आले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल अशी सवलत लंडन विद्यापीठाकडून पदरात पाडून घेऊन ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला उतरले. सामान दुसऱ्या बोटीवर होते. ती पाणतीराने बुडाली. विम्याचे ६०० रुपये मिळाले, आणि त्याच पैशांतून करार पाळायला बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

पुढचे अकरा दिवस त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहेत. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखात्याची मोठी जबाबदारी देण्याचे होते म्हणतात. तूर्त लष्करी सचिवाची जागा होती. कचेरीत शिपाई फायली हातात न देता लांबून टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. पण हे दिवसाचे झाले. रात्रीसाठी हिंदूंच्या खाणावळीत जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी एक पारशी धर्मशाळा गाठली. तिथे पारशांखेरीज कुणाला जागा नाही. राखणदाराला गिऱ्हाइकाची गरज होती. त्याने वहीत पारशी नाव लिहून घेतले. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेला मोठा अंधारा हॉल. विजेचा दिवा नाही. राखणदार कंदील आणून देई, त्याचा उजेड वितभर. कोलंबियातून आलेला अर्थशास्त्रज्ञ त्या उजेडात रात्री पुस्तक धरून बसे.

अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, पारशी नाव लावून धर्मशाळा विटाळलीस का, असा भडिमार झाला. आठ दिवसांची मुदत मागितली तर संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज पडून होता. त्याचे काही होईना. ओळखीच्या हिंदूकडे आणि ख्रिस्त्याकडे विचारून झाले, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीला अवकाश होता. राजाचा अधिकारी कामाठी बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला. दहा वर्षांचा करार तिथेच मोडला.

न्यूयॉर्कला पारशी शेजारी चालला आणि बडोद्याला पारशी काठ्या निघाल्या, याचे कारण माणसांच्या स्वभावात शोधू नये. एका ठिकाणी विद्यापीठाचे वसतिगृह होते, दुसऱ्या ठिकाणी शहर. सयाजीरावांना साडेअकरा पौंड अटलांटिकपलीकडे धाडता आले. स्वतःच्या राजधानीत एक खोली देता आली नाही. त्यांची दानत कमी पडली असे मी म्हणणार नाही. पण खोली ही हुकमाने मिळणारी वस्तू नाही, ती शेजाऱ्यांच्या हातात असते, एवढे तिथे दिसले.

यानंतर आंबेडकरांचे शिक्षण वर्गणी गोळा करावी तसे पुरे झाले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. त्या पगारातून शिल्लक टाकणे चालू. १९२० च्या सुरुवातीला ‘मूकनायक’ निघाले, त्याला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला महाराज स्वतः आले आणि जमलेल्यांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. जुलैत लंडनला निघताना खिशात होते ते स्वतःची शिल्लक, शाहूंची मदत आणि लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या भथेनांनी दिलेले ५००० रुपयांचे कर्ज. लंडनमध्ये पोटाला चिमटा काढून १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. बॅरिस्टरीही झाली.

बडोदे दरबाराचा शिष्यवृत्तीच्या रकमेसाठी तगादा नंतरही चालू होता. कागदाप्रमाणे तो बरोबरच होता. आंबेडकरांच्या मनात कडवटपणा होता तो बडोदे शहराबद्दल. महाराजांबद्दल नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये लंडनला छापले गेले, ते त्यांनी शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांना अर्पण केले आहे.

त्याच वर्षी त्यांनी काय केले ते या गोष्टीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. एवढा शिकलेला माणूस पहिल्यांदा शाळा काढील, निदान शिष्यवृत्त्यांचा फंड तरी, असे कुणालाही वाटेल. पण सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सभेकडे. सोलापूर नगरपालिकेने थोडे अनुदान दिले. शाळा सरकारच्या होत्याच, कायद्याने त्या खुल्याही होत्या. खेड्यातून आलेल्या पोराला शाळा सुटल्यावर जायला जागा नव्हती. बडोद्याच्या अकरा दिवसांनंतर आंबेडकरांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९२८ मध्ये त्यांनी दलित विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था काढली, तिच्याकडे सरकारी अनुदानाची वसतिगृहे आली. त्यांतले एक तर पार धारवाडला.

साताऱ्यात त्याच सुमारास दुसरा एक माणूस याच निष्कर्षाला आला होता, तो वेगळ्या वाटेने. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकायला होते. अस्पृश्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगातून काढले गेले. मॅट्रिकची परीक्षाही त्यांच्या नशिबात नव्हती. म्हणजे जातवार वसतिगृहाचा गुण आणि दोष दोन्ही त्यांनी अंगावर झेलले. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढले ते सर्व जातींच्या मुलांचे, एका पंगतीचे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले: छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. धान्य संपले की पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना उतरवून देत; शेवटी मंगळसूत्रही गेले. मुले दगड फोडत, शेतात राबत, स्वयंपाक करत. हे ‘कमवा आणि शिका’ आज योजनेच्या नावासारखे वाटते. तेव्हा ते मानाचे प्रकरण होते: दुसऱ्याच्या उपकारावर शिकलेला मुलगा वाकलेला राहतो, अशी भाऊरावांची खात्री होती. वारावर जेवणाऱ्या मुलांच्या आठवणी वाचल्या की ती पटते.

या बोर्डिंगातली मुले परत आली, हे विशेष. पी. जी. पाटील तिथे वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि मुंबईत वकिली न थाटता संस्थेत शिकवायला आले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जोतीराव फुल्यांचे लेखन त्यांनी इंग्रजीत नेले. संस्थेत ‘आजीव सेवक’ नावाची माणसेच होती, तुटपुंज्या पगारावर जन्म वाहिलेली. १९४० मध्ये संस्थेने साताऱ्यात मोफत वसतिगृहयुक्त हायस्कूल काढले, त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव. बोर्डिंग शाहूंचे, हायस्कूल सयाजीरावांचे. दोन राजांचे ऋण एका मॅट्रिकही न झालेल्या माणसाने पाट्यांवर लिहून ठेवले.

इकडे १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता ते तिजोरीच्या आतल्या बाजूला होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. अलिगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग आमच्या मुलांना का नाही, हा त्यांचा साधा सवाल. एकटा मी तुमच्या पाचशे पदवीधरांइतका नाही का, असेही त्यांनी व्हाइसरॉयला विचारले होते; ही हकिगत ते नंतर भाषणात सांगत. तीन लाख मंजूर झाले आणि काही मुले परदेशी रवाना झाली. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ च्या सुमारास सुरू झाली, ती आजही चालू आहे. कॉलेजातली मुले तिला नुसते ‘जीओआय’ म्हणतात. बडोद्याच्या कराराशी ताडून पाहिले तर फरक दिसतो. ही खैरात नव्हती आणि दहा वर्षांच्या चाकरीची अटही नव्हती. राजाच्या मर्जीची जागा अंदाजपत्रकाने घेतली.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळचे. नाव अर्थातच केळुसकरांच्या पुस्तकातल्या राजपुत्राचे. १९५० मध्ये औरंगाबादला निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यासाठी कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद. मराठवाड्यात शाळांचीच वानवा, तिथे कॉलेज कुठले! औरंगाबादच्या नागसेनवनाच्या माळावर कॉलेजाबरोबर वसतिगृहे उभी राहिली आणि परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतून मुले वळकटी घेऊन येऊ लागली. म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे शिकवत होते. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक त्याच वातावरणातून निघाले. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना कविता-कथांची चर्चा पुष्कळ होते. त्या खोल्यांची आणि तिथल्या मेसची फारशी होत नाही. रात्री दिवा लावून लिहायला जागा मिळाली, हे त्या साहित्याचे एक साधे कारण आहे.

तरी परतफेड आपोआप होते असे कुणी समजू नये. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत आंबेडकर फार खिन्नपणे बोलले. शिकून मोठी झालेली माणसे समाजाला हात देतील ही आपली अपेक्षा होती, पण शिकलेल्यांनीच दगा दिला, ते आपले पोट भरणारे कारकून झाले, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. ही तक्रार खरी होती, पण मला ती थोडी कठोरही वाटते. घरातला पहिला पदवीधर पगारातून आईबापाचे कर्ज फेडतो, भावाची फी भरतो, दोन बहिणींची लग्ने लावतो. त्यालाही परतफेडच म्हणायला हवे. फक्त ती कुठल्या अहवालात येत नाही. खुद्द रामजींच्या मुलाने न्यूयॉर्कहून घरी धाडलेले पैसे आपण त्याच खात्यात मांडतो. पण हेही खरे की केळुसकरांसारखा मधला माणूस होणे स्वस्त होते, आणि ते करायलाही सगळे आले नाहीत.

शाहू आणि सयाजीराव या दोन्ही नावांच्या परदेशी शिष्यवृत्त्या आता महाराष्ट्र सरकार देते. वसतिगृहांच्या जागा मात्र मुलांच्या संख्येला कधीच पुरल्या नाहीत. म्हणून २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना आहे: सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जेवणाचे आणि खोलीभाड्याचे पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. हप्ता उशिरा येतो ही नेहमीची ओरड. खोली मात्र ज्याची त्याने शोधायची, आणि पुण्यात, औरंगाबादेत, मुंबईत जागा दाखवायला आलेला मालक भाड्याच्या आकड्याआधी अजूनही आडनाव विचारतो.